पंख्याखाली वाळलेला पाला

घरात त्याला सगळे अळीमामा म्हणत. नाव भाचीनं ठेवलं होतं. ते तो काम करी त्या रेशीम संशोधन केंद्रापर्यंत कसं पोचलं कुणास ठाऊक. पण आता संचालकसुद्धा त्याच नावानं हाक मारत आणि मामा मुकाट्यानं ओ देई.

मामाचं कर्तृत्व म्हणजे वड्या. रेशमाच्या अळीला रोज तुतीचा ताजा पाला लागतो. ती कटकट कायमची मिटवायची म्हणून त्यानं वाळक्या पाल्याची पूड आणि सोयाबीनचं पीठ कालवून वड्या थापल्या होत्या. अळ्या त्या आवडीनं खात, फुगतही मस्त. फक्त कोष विणायची वेळ आली, की कांद्याच्या सालीसारखं काहीतरी पातळ विणून मोकळ्या होत.

दुखणं कुठे आहे तेही त्याला सापडलं होतं. अळीच्या पायाला सुई टोचून पिवळसर रक्ताचा थेंब काढला, की वडी खाणाऱ्या अळीत युरिया तुंबलेला दिसे. पाला खाणाऱ्या अळीत जवळजवळ नाहीच. अन्नातल्या प्रथिनांचा तो कचरा. एकीच्या अंगात साठतो आणि दुसरीच्या का नाही? "सोयाबीन जास्त होतंय," मामानं ठामपणे जाहीर केलं. सोयाबीन कमी केलं. अळ्यांच्या काड्या झाल्या, युरिया जागचा हलला नाही. मग त्यानं तपासणीच्या यंत्राला दोष दिला, मग पाण्याला. स्वतःवर संशय घेण्याइतका तो अजून खचला नव्हता.

अशात पाला वाळवायची भट्टी बंद पडली. मामा एरवी पाला कडकडीत भाजून घेई. स्वच्छतेचं त्याला भारी कौतुक. दुरुस्तीवाला येईना, वड्या संपल्या, अळ्या उपाशी; आणि ताजा पाला घातला तर प्रयोग बाद. शेवटी त्यानं पाला घरी नेला आणि ताईच्या पलंगावर पसरून पंखा लावला.

"मी झोपू कुठे?" ताईनं विचारलं.

"अगं, विज्ञानासाठी एवढं—"

"मग विज्ञानाला तुझा पलंग दे."

तरी पाला वाळला. त्याच्या वड्या खाल्लेल्या अळ्यांचं रक्त तपासलं, तर युरिया गायब. मामानं कपाळाला हात लावला. नमुने बिघडले म्हणून तो आकडे खोडणार, तोच शेजारच्या टेबलावरची रसायनवाली म्हणाली, "थांब. या खेपेला वेगळं काय केलंस?"

"काही नाही. भट्टी बंद होती."

"म्हणजे पाला तापलाच नाही," ती म्हणाली. मग हळूहळू त्याच्याही डोक्यात उजेड पडला. तुतीच्या पानात युरिया फोडणारं एन्झाइम असतं. अळी ते पानाबरोबर पोटात घेते आणि फुटलेल्या युरियातला नायट्रोजन पुन्हा रेशमाच्या कामी लावते. इतकी वर्षं मामा ते एन्झाइम भट्टीत घालून निगुतीनं मारत होता, आणि वर दोष सोयाबीनला, यंत्राला, पाण्याला देत होता.

दोघांनी प्रयोग पुन्हा करून पाहिला. उत्तर तेच आलं.

बैठकीत संचालकांनी कौतुकानं विचारलं, "अळीमामा, ही कल्पना सुचली कशी?"

मामानं घसा साफ केला. गृहीतक, सूक्ष्म निरीक्षण, असले भारदस्त शब्द जिभेवर आलेही. समोर रसायनवाली हाताची घडी घालून बसली होती.

"सुचली कसली साहेब, भट्टी बिघडली."

सगळे खो खो हसले. त्याला वाटलं होतं तेवढं ते लागलं नाही.

कोष आता जरा जाड येतात. ताज्या पाल्याची सर नाहीच. जेवताना त्यानं ताईला सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे इतके दिवस त्यांना नुसता भुसा चारलास?"

"अगदी भुसा नाही गं."

"मग काय?"

मामानं हातातला घास खाली ठेवला.

"भुसाच," तो म्हणाला.