लायब्ररीची वेगळी चूल

नकाशे छापायच्या ऑफिसात दोन जावा एकाच खोलीत काम करायच्या. थोरलीला तिथे सतरा वर्षं झाली होती, धाकटीला सात महिने.

त्या सोमवारी नकाशाचा नवा प्रोग्रॅम अडून बसला. कॉम्प्युटरमधली मूळ लायब्ररी, म्हणजे ज्या सामाईक कोडच्या जिवावर बाकीचे प्रोग्रॅम चालतात ती, जुनी झाली म्हणे. नवी द्या, मगच चालेन. तयार काही मिळेना. मग सोर्स कोड उतरवून ती इथेच बांधायचं ठरलं. थोरलीने कॉन्फिगरची कमांड दिली, म्हणजे कशी बांधायची आणि कुठे बसवायची ते सांगितलं, तर पहिल्याच ओळीत नकार: सोर्सच्या फोल्डरमध्ये बांधणार नाही, वेगळं फोल्डर द्या.

"बघितलंस? हिलाही वेगळी चूल हवी," थोरली म्हणाली.

"सासूबाईंसमोर बोलू नका हे."

वेगळं फोल्डर दिलं. थोरली कमांड पुन्हा टाइप करत असताना धाकटी म्हणाली, "ताई, बसवायची जागा एकदा बघायची का?"

"मला शिकवू नकोस."

कंपाइल सुरू झालं, म्हणजे कोडची बांधणी आता कॉम्प्युटरच करणार. दोन तासांची निश्चिंती. पण साहेब दर पाच मिनिटांनी डोकावून विचारत, "झालं का?" चौथ्या खेपेला थोरलीने ओठांवर बोट ठेवलं. "हळू, साहेब! कंपाइल चालू असताना मोठ्याने बोललं की कोड बिघडतो."

धाकटी पेन्सिल शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली गेली.

साहेब भला माणूस, पण कॉम्प्युटरला वचकून असायचा. त्याने बूट काढले, दारावर 'शांतता राखा' लिहिलं आणि शिपायाला खोकायचं असेल तर जिन्यात जायला सांगितलं.

नेमक्या तेव्हाच मुख्य ऑफिसच्या संचालक बाई न कळवता आल्या. त्यांचा आवाज आधी आला, त्या मागाहून.

"शूऽऽ!" साहेबाच्या तोंडून निघून गेलं, आणि मग त्याचा चेहराच पांढरा पडला. कुजबुजत त्याने कारण सांगितलं.

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग दोघींकडे. थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं.

"खरंय," बाई गंभीरपणे कुजबुजल्या. "आमच्या वेळी तर शिंकसुद्धा चालायची नाही. साहेब, तुम्ही बाहेर पहारा द्या."

दार लागल्यावर त्या स्टुलावर बसल्या. "वीस वर्षं हेच काम केलंय मी. थाप झकास आहे. आता कॉन्फिगरची ओळ दाखवा."

ओळ वाचून त्यांच्या भुवया वर गेल्या. "अहो, ही तर जुन्या लायब्ररीचीच जागा! इन्स्टॉल करताना नवी तिच्या उरावर बसली असती. मध्येच काही अडलं असतं, तर फाइलींची यादी दाखवणारी साधी कमांडही चालली नसती. कुणी टाइप केलं हे?"

"मी," धाकटी म्हणाली.

थोरलीने मान वळवली आणि पडद्यात डोकं घातलं.

कंपाइल थांबवलं, वेगळी जागा दिली, पहिल्यापासून सुरू केलं. बाई थांबल्या. पावणेतीनला नवी लायब्ररी आपल्या जागी बसली, प्रोग्रॅमला तिचा पत्ता दिला, आणि पडद्यावर नदी, पूल, डोंगर एकेक करून उमटले. साहेबाला आत घेतलं. तो आवाज न करता टाळ्या वाजवत राहिला.

निघताना बाई साहेबाला म्हणाल्या, "मुख्य ऑफिसात अशी चार मशीन अडलीत. चूक कबूल करणारं माणूस हवंय मला. धाकट्या बाईंना पाठवा."

थोरलीला झोंबलं. बाई जिन्यापर्यंत पोचल्या, तशी ती मागे धावली. "बाई, टाइप मी केलं होतं. तिने उलट विचारलं होतं, मीच गप्प केलं."

"ते तुमच्या तोंडावर लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. "किती वेळ लावता तेवढंच बघत होते. दोघीही या."

"दोघीही?" मागून साहेब ओरडलाच.

घरी जाताना धाकटी म्हणाली, "सासूबाईंना हे तुम्हीच सांगा. मुख्य ऑफिसात दोघीही गेलो, की काही दिवस चूल त्यांच्याच गळ्यात."

"दोघी मिळून सांगू," थोरली म्हणाली. "पण आधी त्यांचं जेवण होऊ दे."