बिनगाठीची बटणं

टेलरबाईंनी लावलेलं बटण म्हणजे कापड विटेल, पण बटण हलायचं नाही, अशी त्यांची ख्याती. आणि त्याच बाईंनी लावलेली बटणं हल्ली पटापट गळायला लागली! म्हणजे काय, हात गेला? छे हो. चष्मा लावला की सुईत दोरा पहिल्या झटक्यात जायचा. बाई मुद्दाम शेवटची गाठ मारत नव्हत्या.

कारण खालच्या मजल्यावरची नर्स. नवरा गेल्यापासून बाईंच्या घरात शिवणयंत्राशिवाय कुणाचा आवाज नव्हता. मुलगा परगावी; रविवारी फोन करून "बरी आहेस ना?" विचारायचा आणि "हो" ऐकायच्या आतच त्याची घाई सुरू. नर्स मात्र एकदा युनिफॉर्मचं बटण घेऊन आली ती चांगली तासभर बसली. चहा प्यायली, वॉर्डातल्या गमती सांगून खळखळून हसली. ती गेल्यावर घर असं काही खायला उठलं, की पुढच्या वेळी बाईंनी दोरा नुसताच कापला. थोड्याच दिवसांत पोरगी बटण मुठीत घेऊन पुन्हा दारात!

छान चाललं होतं. मग ती यायचीच थांबली. बाई जिन्यातल्या पावलांकडे कान लावून बसायच्या. शेवटी एका सकाळी तिला जिन्यातच गाठलं, तर युनिफॉर्मवर सेफ्टी पिन!

"अगं, हे काय?"

"काकू, तुम्हाला हल्ली नीट दिसत नाही ना... उगाच त्रास कशाला? शेजारच्यांनाही सांगितलंय मी, काकूंना शिवण देऊ नका म्हणून. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेते तुमच्यासाठी."

घ्या! म्हणजे हल्ली कुणीच फिरकत नव्हतं, ते यामुळे. पोरीने सगळं मायेनेच केलेलं, रागवायचं तरी कुणावर? गप्प बसावं तर आंधळी ठरणार, बोलावं तर लबाड.

"दिसतं मला. चांगलं दिसतं. गाठच मारत नव्हते मी. तू यावीस म्हणून."

नर्स "ड्यूटीला उशीर होतोय, काकू," म्हणाली आणि भराभर जिना उतरून गेली.

बाई मशीनपुढे येऊन बसल्या. शिवायला काही नव्हतं. होती नव्हती ती अब्रूही आपल्याच हाताने घालवली, असं स्वतःला बोल लावत त्यांनी दिवस काढला. चहासुद्धा केला नाही.

संध्याकाळी बेल वाजली. दारात नर्स, घरच्या कपड्यांत, रिकाम्या हाताने.

"काही तुटलेलं नाही, काकू. नुसतीच आले. चालेल?"

बाई दार धरून उभ्याच. हातात काम नसताना माणसाशी काय बोलतात, हे त्या पार विसरल्या होत्या.

"ये," शेवटी त्या म्हणाल्या. "बाहीचं बटण सैल दिसतंय तुझं."

नर्सने ओढून पाहिलं. "घट्ट आहे की!"

"माहितीये मला. बस."