मास्तरांची ठणठणीत तब्येत

आजारी माणसाला दवाखान्यात नेताना आपण कपडे घेतो, पाण्याची बाटली घेतो, मोबाइलचा चार्जरही विसरत नाही. खरं तेवढं घरी ठेवून जातो! मास्तरांच्या लेकीनेही तेच केलं.

मास्तरांची व्यायामशाळा होती. सत्तरी ओलांडली तरी पोरांना जोर मारून दाखवायचे. "औषधं आळशांसाठी," असं उठताबसता म्हणायचे आणि मधुमेहाच्या गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत लपवायचे. व्यायामशाळेच्या मागे गुपचूप सिगारेटही चालायची. लेकीशिवाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे करोनाने गाठलं आणि दाखल करताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शुगर, दमा, सिगारेट, काही?" तेव्हा मास्तरांनी लेकीकडे बघून डोळे वटारले.

"छे हो, ठणठणीत आहेत," लेक म्हणाली.

आता तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाकावर बसायची, लगेच उठायची, काचेच्या दारापाशी जाऊन परत फिरायची. बाबांचा ऑक्सिजन उतरत चालला होता. तेवढ्यात त्यांचाच फोन आला.

"पोरी... तोंड उघडू नकोस हं. व्यायामशाळेतली पोरं... खाली आलीत."

"बाबा, बोलताना किती दम लागतोय तुम्हाला!"

"माझं नाक... कापू नकोस."

फोन ठेवते तोच डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "छातीत न्यूमोनिया दिसतोय. स्टेरॉइडने शुगर वाढते, पण एवढी? खरं सांगा, मधुमेह आधीपासून आहे ना?"

सांगावं तर बाबा जन्मभर बोलायचे नाहीत. न सांगावं तर बोलायला बाबाच उरायचे नाहीत! तिने एका दमात सगळं सांगून टाकलं, सिगारेटसुद्धा.

"अहो, वय झालेलं, त्यात मधुमेह, त्यात इतक्या वर्षांचा धूर! अशांना न्यूमोनियाचा धोका जास्त आणि तो जडही जातो. पहिल्याच दिवशी कळलं असतं, तर आम्ही डोळ्यांत तेल घालून बसलो असतो. तुम्ही तर आमच्या डोळ्यांवर पट्टीच बांधलीत!"

"बाबांची अब्रू जाईल म्हणून..."

"अब्रू राखायला आधी बाबा तर राहू देत!"

लगेच इन्सुलिन सुरू झालं. मास्तर लेकीवर असे रुसले की तिचा फोनही घेईनात. ती मात्र काचेपाशी येरझारा घालत राहिली. हळूहळू ऑक्सिजन टिकू लागला आणि तिला पहिल्यांदाच जेवण गेलं.

एक दिवस शेजारच्या खाटेवर नवा रुग्ण आला. नर्सने तेच प्रश्न विचारले. "मला? काहीच नाही," गृहस्थ छाती फुगवून म्हणाले.

मास्तरांनी मान वळवली. "खरं सांगा हो! मीसुद्धा असाच ठणठणीत होतो."

मंडळी, आजार सांगितल्याने कुणी लहान होत नाही. आपण लपवतो ते डॉक्टरांपासून, आणि भोगतं आपलंच माणूस!

त्या संध्याकाळी लेकीचा फोन वाजला. "पोरी, खाली पोरांना सांग, मास्तरांना शुगर आहे." मग आवाज खाली आणून, "आणि सिगारेटचंही सांग. पण ते... हळू सांग."