सोमवारचं हसू

दूर उत्तरेकडच्या तार्तू गावातल्या त्या लाकडी घरात अशी शांतता होती की, खालच्या मजल्यावरचे एंदेल रीम ब्रेडला लोणी लावायला बसले तरी वर कळायचं. वरच्या मजल्यावरच्या जांदीराला ती शांतता सोन्यासारखी वाटे. ब्राझीलमधल्या एका कंपनीसाठी ती माइकसमोर हसायची. विनोदी मालिकांमागे जो हशा ऐकू येतो, त्यात मोठा वाटा तिचा. तिकडे ब्राझीलमध्ये, बेलें शहरातल्या घरी, तीन मावश्या आणि एक पोपट होता. पोपट दर वेळी तिच्याआधी हसायचा. कंपनीने हल्ली त्याच्याही पगाराची चौकशी सुरू केली होती.

इथे राहून तिथलं काम करायचा व्हिसा मिळाला, तर वर्षभराची सोय. नाहीतर शुक्रवारी विमान, पुढे पोपट.

व्हिसाच्या कचेरीत मारिकाबाईंनी कागद चाळले. "पगार ठीक आहे. काम काय करता?"

"हसते."

"ते नंतर. काम?"

"तेच काम."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ही नोकरी आहे, की सवय?"

जांदीराने तिथल्या तिथे नमुना दाखवला: नवरा कपाटात सापडतो तेव्हाचा. रांगेतली माणसं निमूटपणे एकेक खुर्ची लांब सरकली.

"हे स्वभावानेही होतं," मारिकाबाई म्हणाल्या. "नामंजूर करावं लागेल."

त्या गावात पोलीस आणि व्हिसा एकाच छपराखाली. शेजारच्या खिडकीशी एंदेल रीम टोपी हातात धरून उभे होते. जांदीराशी त्यांनी आजवर 'तेरे', म्हणजे नमस्कार, यापलीकडे शब्द काढला नव्हता. वर जाऊन दार वाजवणं त्यांना आगाऊपणाचं वाटे; त्यापेक्षा पोलीस बरे.

"तक्रार आहे. वरच्या बाई हसतात."

"कधी?" मारिकाबाईंनी मान वळवली.

"सकाळी नऊला सुरू. दुपारी जेवायची सुट्टी. पाचला बंद."

"रविवारी?"

"चिडीचूप."

मारिकाबाई उभ्या राहिल्या. "आणि सोमवारी?"

"सोमवारी सकाळी तर ऊत येतो."

"नोव्हेंबरातसुद्धा?"

"नोव्हेंबरातसुद्धा. बाहेर पाऊस असताना."

"नोव्हेंबरातल्या सोमवारी पगाराशिवाय कोण हसेल?" असं म्हणून मारिकाबाईंनी 'मंजूर'चा शिक्का हाणला.

"अहो, मी तक्रार करायला आलोय!"

"साक्ष झाली तुमची. इथे सही करा."

परतताना दोघं नदीपर्यंत आले.

"भिंतींना गोधड्या लावते, एंदेलकाका," जांदीरा म्हणाली.

पूल ओलांडून झाल्यावर उत्तर आलं. "बुधवारी तो मोठा हशा मध्येच तोडलात."

"शिंक आली हो."

"रात्रभर डोळा लागला नाही माझा. म्हटलं, पुढे काय झालं असेल." ते पुन्हा थोडं चालले. "शनिवारी सौना तापवतोय, आमची वाफेची न्हाणी. या. पण तिथे सुट्टी हां."

जांदीराला असं काही हसू फुटलं की, पोपटाने मान खाली घातली असती. एक पैसा न घेता, भर रस्त्यात. येणारेजाणारे थबकले. एका आजीबाईंनी तर कुत्र्याला जवळ ओढलं.

एंदेल रीम यांनी अदबीने टोपी उचलली.

"घाबरू नका," ते म्हणाले. "परवाना आहे त्यांच्याकडे."