नमद्यात कोंबलेली घंटा

मित्रांनो, मी कोक-साय या थंड मुलखातल्या गावच्या बॉयलरघरातला एक जुना नियंत्रण फलक आहे. भिंतभर दिवे, काटे, खटके आणि डोक्यावर एक घंटा, एवढाच माझा संसार. खाली कोळशावर पाणी तापतं आणि नळांतून घराघरात ऊब जाते. ते सगळं नीट चाललंय ना, हे माणसांना सांगणं माझं काम.

मला दूरच्या शहरात घडवलं. घडवणाऱ्यांनी हात आखडता घेतला नाही. बारीकसारीक गोष्टीलाही त्यांनी एकेक लाल दिवा दिला आणि सगळ्यांना मिळून ती घंटा. राखेचं दार किलकिलं राहिलं तरी घंटा, पंप जरा तापला तरी घंटा. मला वाटायचं, काय दक्ष आहे मी!

माझ्यासमोर सायराकान बसायची. सगळे तिला एजे म्हणत, म्हणजे ताई. रोज सकाळी ती बाहीने माझ्या काचा पुसायची आणि मला बोल लावायची, "तुझ्यापेक्षा माझी सासू बरी. ती निदान जेवताना तरी गप्प असते." शेवटी तिच्या जोडीला असलेल्या कुबातने घंटेत नमद्याचा तुकडा कोंबला, तंबूला लावतात तसल्या जाड लोकरीचा. "आता चहा तरी सुखाने पिऊ, एजे." एजे हसली. खरं सांगतो, मलाही बरंच वाटलं. ओरडून ओरडून मी थकलो होतो.

ऐन थंडीत एका सकाळी बॉयलरमधलं पाणी झपाट्याने उतरलं. माझे वीसेक दिवे एकदम पेटले, सगळे सारखेच लाल. घंटा नुसती पुटपुटली. एजे पाठमोरी चहा ओतत होती. वळली, तर आधी कुठल्या दिव्याकडे बघावं हे तिला उमगेना. तिने आग बंद केली तोवर आतल्या नळ्या जळल्या होत्या. गाव गारठलं. प्रसूतिगृहातली तान्ही बाळं शेजारच्या गावी हलवावी लागली. सगळी सुखरूप राहिली, पण एजेला आता काढून टाकणार, असं जो तो बोलू लागला. ती माझ्यासमोर बसायची, पण काचा पुसायची नाही. मला फार वाईट वाटायचं.

चौकशीला राजधानीतून मीरगुल नावाची तरुण इंजिनीअर आली. तिने नमदा ओढून काढला.

"हे कोणी कोंबलं?"

"मी," कुबात म्हणाला.

"आणि मी बघून हसले," एजे म्हणाली. "माझंही नाव घाल."

"नावं राहू द्या. मी जरा तुमच्याशेजारी बसते."

नळ्या बदलून आग पुन्हा पेटवली होती; मी सारखा वाजत राहिलो आणि दुपारपर्यंत मीरगुलने कानांवर हात ठेवले. "एजे, इतकी वर्षं हे ऐकलंत?"

जेवायला सगळे सतरंजीवर बसले. तेवढ्यात म्हातारा फिटर आत आला. सगळे आपोआप दाराकडे सरकले आणि दारापासून लांबची, समोरची मानाची जागा त्याला मिळाली.

मीरगुल घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "एजे, या दिव्यांत थोरला कोण?"

"पाणी. त्याच्यापुढे कोणी नाही. मग दाब."

"आणि राखेचं दार?"

"ते बसेल दारात, जोड्यांपाशी."

त्याच आठवड्यात मीरगुलने मला उघडून नव्याने मांडलं. पाण्याचा दिवा मधोमध, मोठा. त्याच्याखाली दाब. बाकीचे कडेला, पिवळे, मुके. घंटा फक्त वरच्या दोघांना. आणि राजधानीत तिने कळवलं, चूक मांडणीची होती, या बाईंना कामावरून काढू नका. एजेची जागा राहिली.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी उद्या यंत्रं घडवेल. त्याने यंत्राला खूप बोलायला शिकवू नये. ऐकणारं माणूसच असतं, ते दमतं, त्याला भूक लागते, हे ध्यानात ठेवावं.

आता मी इतका गप्प असतो की एजेलाच चैन पडत नाही. "बरा आहेस ना रे?" म्हणून काच पुसते. परवा पाणी पुन्हा उतरलं आणि मी एकदाच वाजलो. हातातली भाकरी टाकून ती धावली, आग बंद केली, आणि धापा टाकत माझ्यावर हात ठेवून म्हणाली, "ऐकलं रे, ऐकलं."