ताईचा पाय किती वाढला?

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावर पांढऱ्या सुटातला उपदेशक गुडघ्यांवर बसला होता आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या दोन्ही टाचा त्याच्या तळहातांवर होत्या.

"बंधूंनो, भगिनींनो, हा डावा पाय बघा," तो माइकमध्ये म्हणाला. "दोन बोटं आखूड. ही दोन बोटं सैतानाने पळवली होती. प्रभू आज ती त्याच्या खिशातून काढून घेतोय. वाढ, पाया. तुला वाढ म्हणतोय ना."

आणि पाय वाढला. डावी टाच हळूहळू पुढे सरकत उजवीच्या बरोबरीला आली. हल्लेलूयाने छत दणाणलं. मीही ते डोळ्यांनी पाहिलं, आणि खरं तर मी फसायला नको होतं. माझा धंदाच पायांचा आहे. अपंगांसाठी मापाचे बूट बनवतो मी. ताईला लहानपणी पोलिओ झाला. तिच्या डाव्या बुटाला चार सेंटिमीटर जाडीचा तळ एकवीस वर्षं मीच लावत आलोय.

उपदेशकाने तो बूट लोकांना दाखवला आणि मंचामागे भिरकावला. "हा परत घालणं म्हणजे अविश्वास," त्याने बजावलं.

ताई घरी लंगडतच आली. "नवा पाय आहे, सवय व्हायला वेळ लागणार," म्हणाली. तिचं शिवणाचं दुकान आहे. तिसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवरून तोल गेला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर सहा आठवड्यांचं. तोवर कात्री धरणं बंद.

उपदेशकाचा मदतनीस समाचाराला आला. खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाला, "प्रभूने दिलं होतं, बाई. तुमचा विश्वास कमी पडला, म्हणून परत गेलं."

हाड मोडलं तेव्हा ताईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. तो गेल्यावर मात्र ती रडली. "चाळीस वर्षं प्रार्थना केली रे. देवाने एकदा ऐकलं, आणि तेही मीच घालवलं?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तिची शिवणाची टेप घेतली, तिला पलंगावर सरळ निजवलं आणि कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय मोजले. फरक चार सेंटिमीटर. माझ्या वहीतल्या जुन्या मापाहून केसाचाही बदल नव्हता.

"ताई, पाय वाढलाच नव्हता. जे आलंच नाही ते परत कसं जाईल?"

तिने टेप हातात घेऊन स्वतः बघितली. टेपवर तिचा विश्वास जुना. "मग त्या दिवशी सगळ्यांना दिसलं ते काय?"

स्वयंपाकघरातली गुळगुळीत खुर्ची ओढली. ताईला खुर्चीच्या अगदी काठावर बसवलं, डोळे मिटून अंग सैल सोडायला सांगितलं, अगदी त्याने सांगितलं होतं तसं. मग टाचा धरून डावा पाय अलगद ओढला.

"थांब," ती म्हणाली. "माझी बैठक सरकतेय. डावी कंबर पुढे येतेय."

झालं, एवढंच होतं. लोक बघत होते टाचांकडे आणि खेळ चालला होता कमरेत.

त्या संध्याकाळी ताई आमच्या चर्चच्या म्हाताऱ्या पाळकांकडे गेली. "शंका घेणं पाप आहे का, पाळकसाहेब?"

"येशू मरणातून उठला तेव्हा त्याचा एक शिष्य म्हणाला होता, जखमा बघितल्याशिवाय मानणार नाही. येशूने त्याला हाकललं नाही, जखमा दाखवल्या," पाळक म्हणाले. "पाप माझ्याकडून घडलंय. मला हे पटत नव्हतं, पण गर्दी बघून गप्प बसलो. मी येतो तुमच्याबरोबर."

रविवारी दुपारी शेवटची सभा होती. मी शिवलेला नवा जाड बूट घालून, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून ताई मंचावर चढली, मागोमाग मी; पाळक खाली पहिल्या रांगेत बसले. साक्ष द्यायला आली असेल असं समजून उपदेशकाने तिला माइक दिला. तिने गायनमंडळाच्या प्रमुख बाईंना खुर्चीवर बसवलं.

"तुमचे पाय सारखे आहेत ना?"

"हो तर. नाचले आहे मी याच पायांवर."

मी टाचा धरून ओढलं. बाईंचा एक पाय चांगला दोन बोटं लांब झाला. "अगंबाई, आता घरी कशी जाऊ?" त्या म्हणाल्या आणि पुढच्या रांगा हसल्या.

"मागे सरकून नीट बसा," ताई म्हणाली. पाय जागेवर आला. मग ती स्वतः बूट काढून खुर्चीत पाठ टेकून बसली आणि मी तिची कंबर पट्ट्याने खुर्चीला बांधली.

"आता वाढवा," ती उपदेशकाला म्हणाली.

त्याने घाम टिपला. "देवाची परीक्षा बघू नये, भगिनी."

"देवाची कोण बघतंय? मी तुमची बघतेय."

कुणीतरी माइक बंद केला. ताईचा आवाज शिवणयंत्रांच्या खडखडाटात घडलेला, तिला माइक कशाला हवा? "यांच्या सांगण्यावरून कुणी औषध सोडलंय का?" तिने विचारलं.

तिसऱ्या रांगेतले एक आजोबा उठले. "मी. मधुमेहाच्या गोळ्या. आठवडा झाला. परत घेतल्या तर विश्वास गेला असं नाही ना होणार?"

पाळक त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले. "चला, आत्ताच डॉक्टरांकडे जाऊ. मी बरोबर आहे."

ताई खुर्चीला बांधलेलीच होती. तिथूनच ती म्हणाली, "आजोबा, प्रार्थना करा आणि गोळीही घ्या. मापून बघा, विचारून बघा. ज्याने डोकं दिलं, तो ते वापरलं म्हणून रागावेल कसा?"