दिवा विझवणारा

चावी फिरवली तसे पिकअपच्या डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले आणि एकेक करून विझले. एक तेवढा राहिला. सीटवर बसलेला माणूस आणि त्याच्या पोटापुढे गोल फुगा, असं चित्र असलेला लाल दिवा.

"बघितलंत, अम्मो? तीन दिवस हा असाच डोळे वटारून बसलाय," ऐहम म्हणाला.

"बसू दे. काहीतरी सांगायचं असेल त्याला," रुश्दी म्हणाला आणि तपासणीचं यंत्र घेऊन स्टिअरिंगखाली वाकला.

ऐहम हा रुश्दीचा जावई, म्हणजे जवळजवळ. सासऱ्याला अम्मो, म्हणजे काका, म्हणायचा. रुश्दीच्या मुलीशी, रुबाशी, त्याचा निकाह कागदावर झाला होता, पाठवणी ईदनंतर व्हायची होती. मधमाश्या पाळायचा. हिवाळ्यात पेट्या घेऊन खाली घोरच्या खोऱ्यात, संत्र्यांच्या बागांत जायचा आणि उन्हाळ्यात वर अजलूनच्या डोंगरात. त्यासाठीच त्याने ही जुनी अमेरिकी पिकअप घेतली होती. तपासणी केंद्राचा कागद खिशात घेऊन फिरायचा. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, चारही बाजूंनी 'चांगली', असा शिक्का होता त्यावर. नव्या नवऱ्याचा उत्साह, दुसरं काय.

मी अबू सनद. अम्मानजवळच्या झर्क्यातल्या वर्कशॉपांच्या गल्लीत माझं दुकान रुश्दीला लागून आहे, मध्ये फक्त पत्र्याची भिंत. आमची गल्ली आपटलेल्या गाड्यांवर जगते. अमेरिकेत ठोकलेल्या गाड्या जहाजाने येतात. पत्रेवाला पत्रा सरळ करतो, रंगारी रंग देतो, मी फाटलेल्या डॅशबोर्डवर चामडं चढवतो आणि रुश्दी दिवे विझवतो. एअरबॅगच्या कामात त्याच्या तोडीचा माणूस अम्मानमध्येही नाही, असं लोक म्हणत आणि त्याला मुअल्लिम, म्हणजे उस्ताद, अशी हाक मारत. तो मान खाली घालून ऐकून घेई. आवडायचं त्याला ते, मला ठाऊक आहे.

त्याने कोड पुसला. चावी फिरवली. दिवा परत आला. मग सीटखालचे पिवळे प्लग हलवून पाहिले. दहातल्या आठ गाड्यांचं दुखणं तिथेच असतं, पण इथे नव्हतं. फ्यूज पाहिला, मीटर लावून करंट येतोय का ते पाहिलं, अर्थिंगची वायर घासून पुन्हा घट्ट केली. दिवा ढिम्म.

"मॉड्यूलच गेलंय," तो शेवटी म्हणाला. "आतला बिघाड आहे."

"म्हणजे नेमकं काय गेलं?"

"गाडी ठोकली तर फुगा उडवायचा की नाही, हे जे ठरवतं ना, ते. डोकंच म्हण तिचं."

"डोक्याशिवाय चालतं की लोकांचं," मी म्हणालो. "या अबू सनदचं बघ."

ऐहम हसला. रुश्दीने बॅटरीची वायर काढली आणि दहा मिनिटं कुणी आत हात घालायचा नाही असं बजावलं. बॅटरी काढली तरी मॉड्यूलच्या डबीच्या पोटात थोडा करंट शिल्लक असतो, घाई करणाऱ्याचं तोंड फुटतं. शेगडीवर मरमियाच्या सुवासिक पानांचा चहा ठेवला होता, तो घेत आम्ही बसलो. डिसेंबरची थंडी पत्र्यातून आत येत होती.

"दुरुस्त होईल ना शनिवारपर्यंत?" ऐहमने विचारलं. "रुबा येतेय माझ्याबरोबर घोरला. पेट्या बघायच्यात म्हणते. पुढच्या सीटवरून सबंध खोरं दिसतं म्हणून मीच चिडवलं होतं तिला."

"होईल," रुश्दी म्हणाला. "माझ्या पोरीला लाल दिव्याच्या गाडीत बसवीन होय मी?"

चहा संपल्यावर ऐहम फलाफल आणायला कोपऱ्यावर गेला. रुश्दीने दोन सीटांमधला कन्सोल उचलला, खालचा गालिचा बाजूला केला. हाताच्या पंजाएवढी अॅल्युमिनियमची डबी गाडीच्या तळाला बोल्टने बसवलेली असते, तिच्यावर वाळलेल्या मधाचा ओघळ होता. तो प्लगच्या फटीतून आत शिरला होता आणि पिना हिरव्या पडल्या होत्या.

"घ्या. जावयाच्या माश्यांनी खाल्लं," मी म्हणालो.

रुश्दी हसला नाही. त्याने डबी उलटी केली आणि उजेडाकडे धरली. झाकणाच्या चार स्क्रूंपैकी एकाच्या डोक्यावर गुलाबी ठिपका होता.

हा ठिपका आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही ओळखतं. रुश्दी उघडलेली प्रत्येक डबी बंद करताना स्क्रूवर बायकोचं नेलपॉलिश लावायचा. मागाहून दुसऱ्या कुणी आत हात घातला तर ठिपका तडकतो आणि बोल रुश्दीवर येत नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली, बाटल्या मात्र तो अजून आणतो. हा ठिपका शाबूत होता.

सामानाचा कप्पा खाली पाडून त्याने डॅशबोर्डच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला आणि पिवळा प्लग ओढून काढला. प्लगच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर होता, काळ्या नळीत नीट बसवलेला. मग स्टिअरिंगचं झाकण काढलं. तिथेही तसाच दाणा. असा दाणा लावला की डबीला वाटतं फुगा आहे, आणि दिवा विझतो. फुगा नसतोच.

मी उतारूच्या बाजूच्या डॅशबोर्डवर अंगठा दाबला. चामडं आत गेलं. खालचा स्पंज माझा, काठाची दुहेरी शिलाई माझी. माझी तर पाचावर धारण बसली.

"नऊ वर्षं झाली असतील," रुश्दी म्हणाला. "तेव्हा पांढरी होती ही. मफ्रकच्या टरबूजवाल्याने आणली होती. फुग्यांना पैसे नाहीत, मुअल्लिम, दिवा तेवढा विझवा म्हणाला."

"सगळेच म्हणायचे. सगळेच विझवायचे."

"मी त्याला सांगितलं होतं, अबू सनद. आत काही नाही, जपून चालव, असं स्पष्ट सांगितलं होतं."

"मग झालं तर."

"त्याने पुढच्याला सांगितलं असेल?"

मी बाहेर डोकावलो. फलाफलच्या दुकानापुढे रांग होती, ऐहम तिसरा होता.

"हे बघ," मी म्हणालो, "झाकली मूठ सव्वा लाखाची. डबी बदल, दाणे आहेत तिथे ठेव, दिवा विझेल. लग्न होऊ दे. मग सावकाश, एखाद्या दिवशी, सर्व्हिसिंगच्या नावाखाली फुगे बसवून टाक. कुणाला कळतंय?"

"शनिवारी रुबा बसतेय त्यात."

"मग आत्ता बसव. पण काय होतं ते सांगू नको. सांग, चोरट्या मालकाने काढून विकले. खोटं तरी काय त्यात? गाडी चार हातांतून गेलीय, आळ कुणावरही बसेल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत त्या माणसाने मला कधी वाकडा शब्द बोललेला नाही, तेव्हाही बोलला नाही. पण मला त्या क्षणी माझीच लाज वाटली, आणि तरीही त्याने माझं ऐकावं असंच वाटत होतं. त्याने तोंड उघडलं तर माझी शिलाईही उघडी पडणार होती.

ऐहम गरम पुडकं घेऊन आला आणि दारातच थांबला. स्टिअरिंगच्या मधोमध रिकामं भोक होतं. त्याने हळूच आत बोट घातलं.

"फुगा कुठेय?"

"नव्हता," रुश्दी म्हणाला. "तिकडचाही नाही."

ऐहमला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा लाल झाला. पुडकं त्याने बॉनेटवर आपटलं.

"दोन महिने मी ही गाडी घेऊन डोंगर उतरतोय! आईला बसवून दवाखान्यात नेलंय मी हिच्यातून! कुठल्या कुत्र्याने केलं हे? हात झडोत त्याचे! तुम्ही ओळखत असाल, अम्मो, या धंद्यातला प्रत्येक माणूस तुम्हाला माहीत आहे. नाव सांगा मला. अल्लाची शपथ, दुकानात जाऊन गचांडी धरतो त्याची."

मी रुश्दीच्या पायावर पाय दिला. त्याने पाय काढून घेतला.

"धर," तो म्हणाला. "मी केलं."

ऐहम आधी हसला. थट्टाच वाटली त्याला. मग रुश्दीने डबी त्याच्या हातात दिली आणि ठिपक्यावर बोट ठेवलं. रुबाच्या घरी जेवायला गेला की फळीवरच्या गुलाबी बाटल्या पोराने पाहिलेल्या होत्या. हसू जागच्या जागी मेलं.

"आणि हा शिवलेला भाग माझा," मी म्हणालो. एवढं तरी म्हणालो, नाहीतर आयुष्यभर तोंड लपवावं लागलं असतं.

ऐहमने डबी सीटवर ठेवली. तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. फलाफल गार झाले.

"अशा किती?" त्याने वळून न पाहता विचारलं.

"मोजल्या नाहीत," रुश्दी म्हणाला. "बायको गेल्यापासून एकही नाही. त्याआधी पुष्कळ."

"रुबाला मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

"मीच सांगेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी रुश्दी स्वतः, बाहेरून आलेल्या गाड्या उतरतात त्या फ्री झोनच्या भंगारवाड्यात गेला. मागून मार खाल्लेली याच जातीची पिकअप शोधली. मागून मार बसला की पुढचे फुगे उडत नाहीत, शाबूत मिळतात. दोन्ही फुगे घेतले, न फाटलेला डॅशबोर्ड सबंध उचलून आणला. डबी मात्र भंगारातली घेतली नाही. अपघात पाहिलेली डबी तो अपघात पोटात धरून ठेवते, तिला धुऊन पुसून शहाणं करायचं, हेच तर तो इतकी वर्षं करत आला होता. अम्मानहून कोरी मागवली, त्याच नंबरची. पैसे ऐहमने काढले तर रुश्दीने त्याचा हात परत त्याच्याच खिशात घातला.

माझं चामडं मी स्वतः फाडलं. दुहेरी शिलाई होती, सुटता सुटेना. त्या दोन दिवसांत ऐहम उलट्या बादलीवर बसून आमचे हात बघत राहिला. नवी डबी जागेवर ठेवताना रुश्दीने तिच्यावरचा बाण गाडीच्या नाकाकडे आहे ना, हे तीनदा पाहिलं. बोल्ट मोजून आवळले, गाडीचा नंबर तिच्यात भरला. गुरुवारी दुपारी बॅटरी जोडून, दार उघडं ठेवून बाहेर उभ्यानेच चावी फिरवली. लाल दिवा लागला. आम्ही तिघेही श्वास धरून मोजत होतो. सहा म्हणेपर्यंत तो विझला.

"झालं," रुश्दी म्हणाला.

ऐहम गाडीत बसला. "सलाम, मुअल्लिम," म्हणाला आणि निघून गेला. बाजारातलं कुठलंही गिऱ्हाईक म्हणतं तसं. रुश्दीने हात पुसायचं फडकं घेतलं आणि स्वच्छ झालेले हात कितीतरी वेळ पुसत बसला.

संध्याकाळी रुबा आली. शाळेत शिकवते ती, बोलायला फटकळ. मी पत्र्याच्या अलीकडे होतो, ऐकायचं नव्हतं पण ऐकू येत होतं. ती रडलीही नाही की ओरडलीही नाही.

"मी शनिवारी जाणारच आहे त्याच्याबरोबर," ती म्हणाली. "लग्नाचं म्हणत असाल तर तो काही मोडणार नाही, मीही नाही. पण बाबा, माझ्यासाठी तुम्ही दोन दिवसांत सगळं आणलंत. बाकीच्यांत कोण बसतं?"



शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर गर्दी पांगत होती. रुश्दी घरी न जाता लावलेल्या गाड्यांच्या रांगेतून चालत होता, काचांना कपाळ लावून आत बघत. लोक बघत होते. मी जाऊन त्याची बाही धरली.

"चल घरी. येडा झालास की काय?"

"तू बघ," तो म्हणाला. "तुला तुझी शिलाई लांबून ओळखू येते."

काय सांगू, आली ओळखू. सातवीच गाडी. करड्या रंगाची पिकअप, डॅशबोर्ड बदामी, काठाला माझी दुहेरी शिलाई. मी बोट दाखवलं आणि लगेच वाटलं, नसतं दाखवलं तर बरं. मालक आला. कोंबड्या विकणारा अबू रिदवान, गोलमटोल, हसतमुख माणूस. कडेवर चारेक वर्षांची नात होती, मशिदीत जायचा नवा फ्रॉक घातलेली.

"अबू रिदवान, मी मुअल्लिम रुश्दी. वर्कशॉपच्या गल्लीतला," रुश्दी म्हणाला. "तुमच्या गाडीत एअरबॅग नाहीत. मीच रेझिस्टर लावून दिवा विझवला होता, तुमच्या आधीच्या मालकासाठी. गाडी उद्या घेऊन या. मी बसवून देतो."

अबू रिदवानने त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मग दार उघडून चावी फिरवली. लाल दिवा लागला, सहा आकड्यांत विझला.

"हे बघा. चालतंय, अल्लाची कृपा."

"तेच तर खोटं आहे. असा विझावा म्हणूनच मी..."

"किती घेता बसवायचे?"

"काही नाही. एक पैसा नाही."

हे ऐकून अबू रिदवान खो खो हसला. पोट धरून हसला. आजूबाजूचे दोघेतिघे वळून बघू लागले.

"फुकट! अहो, धंदा मंदावलाय का इतका? नमाजच्या दारात गिऱ्हाईक पकडताय, दिवा लागत नसताना! मुअल्लिम, माझी दाढी काय कोंबड्या विकून पांढरी झाली का? नाही, त्यानेच झाली म्हणा." आणि पुन्हा हसला. "सोडा. दिवा लागला तर तुमच्याकडेच येईन, शब्द देतो."

"तो लागणार नाही," रुश्दी म्हणाला. "पोरीला मागच्या सीटवर तरी बसवा. माझं एवढं ऐका. मागे बसवा तिला."

"मागे ओकते ती," अबू रिदवान म्हणाला आणि नातीला पुढच्या सीटवर उभं केलं. तिने दोन्ही तळवे माझ्या बदामी चामड्यावर टेकवले. गाडी सुरू झाली. काच खाली होती, तिने आम्हाला हात हलवून टाटा केला, आणि रुश्दीने, रस्त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या माणसाने, तिला हात हलवला.